गोडाऊनमधली फोर्कलिफ्ट आणि चालणारा माणूस

गोडाऊनच्या व्हिडिओत भाडं, डिपॉझिट, रॅक यावर बोललो. हा विषय मुद्दाम वेगळा ठेवला होता.

भिवंडीला किंवा चाकणला गाळा घेतला, माल वाढला, की आपण ऑपरेटरसकट फोर्कलिफ्ट भाड्याने आणतो. भाडं परवडतं का, एवढाच हिशेब होतो. ती जिथून फिरणार तिथूनच आपली माणसंही चालणार आहेत, हे कोणी मांडून बघत नाही.

गाडी लहान दिसते म्हणून फसू नका. तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट रिकामी असली तरी चार टनांच्या वर भरते. आणि ती मागच्या चाकांनी वळते! म्हणजे वळताना तिची मागची बाजू झटकन बाहेर येते. शेजारी उभं राहून चलन तपासणारा माणूस गाडी आणि रॅकच्या मध्ये सापडतो तो असा. समोर खोकी उंच रचली असतील तर ऑपरेटरला पुढचं दिसतच नाही. सपाट जागेवर अशी गाडी रिव्हर्समध्येच न्यायला सांगा. ताशी 10 किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. ब्रेकवर पाय पडेपर्यंत एवढं अंतर गेलेलं असतं.

मग करायचं काय? पिवळा पट्टा जरूर मारा, पण पट्टा कोणाला अडवत नाही. चालायची वाट वेगळी काढून मध्ये लोखंडी रेलिंग टाका. शटर एकच असेल तर वेळ वाटून घ्या: गाडी फिरतेय तोवर आत फक्त ऑपरेटर, चलन नंतर. ट्रकचा ड्रायव्हर आणि क्लीनरही बाहेर. त्यांना तर तुमचं गोडाऊन माहीतही नसतं. फोर्कवर माणूस चढवून वरचा माल काढणं? अजिबात नाही.

"हमाल ठेकेदाराचा, मग माझा काय संबंध?" आहे! 1923 च्या भरपाई कायद्यापासून तत्त्व हेच आहे की तुमच्या धंद्याचं काम करताना ठेकेदाराचा माणूस जखमी झाला, तर तो भरपाई तुमच्याकडे मागू शकतो. ठेकेदाराकडून वसूल करणं तुमचं तुम्ही बघायचं. ईएसआय लागू नसेल, वय 30, पगार 15,000 आणि मृत्यू झाला, तर 7,500 गुणिले 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. नवा गाळा चालवणाऱ्याने हे कुठून आणायचे?

म्हणून कामगार भरपाईची विमा पॉलिसी घेताना ठेकेदाराची माणसंही त्यात लिहून घ्या. एजंट आपणहून विचारेलच असं नाही.