घरच्या संगणकाची निगा : कामे लावून द्या वेळापत्रकाला



आज अनेक शेतकरी कुटुंबांत संगणक आला आहे. पीककर्ज व मजुरीचे हिशेब, माती परीक्षणाचे अहवाल, फवारणीच्या तारखा त्यात साठविल्या जातात. निर्यातीच्या द्राक्षांना तर फवारणीच्या नोंदी दाखवाव्याच लागतात. परंतु ट्रॅक्टरचे ऑईल वेळेवर बदलणारा शेतकरीही संगणकाच्या निगेकडे दुर्लक्ष करतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हेच घडले. मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि संगणकाची हार्ड डिस्क गेली. नोंदींची शेवटची नक्कल सात महिन्यांपूर्वीची होती. संपूर्ण रब्बी हंगामाच्या नोंदी व हिशेब त्यात बुडाले. नक्कल काढावी हे माहीत होते, पण आठवण राहिली नाही. म्हणून नियमित कामे आठवणीवर न सोडता वेळापत्रकावर सोपवावीत.

कोणती कामे सोपवावीत?

१) नोंदींची नक्कल (बॅकअप) : विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'फाईल हिस्टरी' ही सोय आहे. बाहेरची डिस्क जोडून ती सुरू करावी. डिस्क जोडलेली असताना ती मूळ मांडणीप्रमाणे दर तासाला बदललेल्या फाईलींची नक्कल काढते. हिशेबाच्या फाईली 'डॉक्युमेंट्स' मध्येच ठेवाव्यात, म्हणजे त्या सुटत नाहीत.

२) जागा मोकळी करणे : सेटिंग्जमधील 'स्टोरेज सेन्स' चालू करून महिन्यातून एकदा ही मुदत द्यावी. तात्पुरत्या निरुपयोगी फाईली आपोआप निघतात. 'डाउनलोड्स' मधील फाईली काढण्याचा पर्याय मात्र विचार करूनच निवडावा.

३) डिस्कची मशागत : हे काम विंडोज आठवड्यातून एकदा स्वतःच करते. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विखुरलेले भाग एकत्र केले जातात, तर एसएसडीवर 'ट्रिम' होते. एसएसडीसाठी वेगळा डिफ्रॅग प्रोग्रॅम चालवू नये. फायदा होत नाही, उलट झीज वाढते.

वेळ कोणती द्यावी?

विंडोज १० व ११ मध्ये स्वयंचलित निगेची मूळ वेळ रात्री २ ची असते. आपण तर रात्री मेन स्विच बंद करून झोपतो. चुकलेली निगा विंडोज पुढे संगणक चालू पण रिकामा असताना उरकते. म्हणून काम संपताच लगेच बंद न करता आठवड्यातून एक-दोनदा संगणक तासभर तसाच चालू ठेवावा. आपण स्वतः लावलेल्या कामांना मात्र घरातील विजेची व वापराची खात्रीची वेळ द्यावी.

वेळापत्रक बसविण्याची रीत

डिस्क जोडणे हे काम माणसालाच करावे लागते. त्याची आठवण संगणकाकडून करून घ्यावी.

१) 'शनिवार – डिस्क जोडा' अशी चिठ्ठी नोटपॅडमध्ये लिहून साठवावी.
२) स्टार्टमध्ये 'टास्क शेड्यूलर' शोधून उघडावा व 'क्रिएट बेसिक टास्क' निवडावे.
३) 'वीकली', शनिवार, सायंकाळी ७ अशी वेळ द्यावी.
४) 'स्टार्ट अ प्रोग्रॅम' मध्ये नोटपॅड द्यावे. 'ॲड आर्ग्युमेंट्स' च्या रकान्यात चिठ्ठीच्या फाईलचा पूर्ण पत्ता लिहावा.
५) तयार झालेल्या कामाचे 'प्रॉपर्टीज' उघडावे. 'सेटिंग्ज' मध्ये, ठरलेली वेळ चुकल्यास शक्य तितक्या लवकर काम सुरू करावे, या अर्थाच्या ओळीवर खूण करावी. पंपाच्या ऑटो स्टार्टरसारखीच ही सोय आहे. वीज आली की राहिलेले काम सुरू होते. ही खूण आपण स्वतः करावी लागते.
६) लॅपटॉप असल्यास 'कंडिशन्स' मधील, फक्त विजेवर असतानाच काम सुरू करण्याची खूण काढावी. नाहीतर भारनियमनाच्या वेळी काम सुरू होत नाही.

चिठ्ठी उघडली की डिस्क जोडावी आणि फाईल हिस्टरीत 'रन नाऊ' दाबावे. नक्कल पूर्ण झाल्यावर डिस्क सुरक्षितपणे काढून कपाटात ठेवावी.

घ्यावयाची काळजी

* डिस्क कायम जोडून ठेवू नये. विजेचा धक्का किंवा फाईली कुलूपबंद करणारा विषाणू आल्यास मूळ नोंद व नक्कल दोन्ही एकदम जातात.
* महिन्यातून एकदा नकलेतील एक फाईल परत काढून उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल म्हणजे न उगवणारे बियाणे. पेरणीपूर्वी आपण उगवणशक्ती तपासतो, तसेच हे आहे.
* टास्क शेड्यूलरमधील 'लास्ट रन रिझल्ट' हा रकाना अधूनमधून पाहावा. काम सुरू झाले की अडले, ते तेथे कळते.
* विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. असा संगणक असल्यास सुरक्षा सुधारणांची मुदतवाढ घेता येते का, अथवा विंडोज ११ बसते का, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

ठिबक संचाला टायमर बसविला तरी तोट्या तुंबल्या आहेत का हे पाहायला आपण शेतात फेरी मारतोच. संगणकाचेही तसेच आहे. या शनिवारपासून सुरुवात करावी, म्हणजे पुढील वळवाच्या पावसात नोंदींची चिंता राहणार नाही.