सुई तुटते कोठे, ते आधी पाहा

रमजानच्या सीझनमध्ये मुंब्रा-कौसा, कल्याणच्या एम्ब्रॉयडरी कारखान्यांत काम वाढते. सुया तुटू लागल्या की दोष सुईच्या पाकिटाला दिला जातो. पाकीट खराब असतेही, पण क्वचित. कारखानदार बंधूंनी आधी तुटण्याची जागा पाहावी.

सर्व हेडवर डिझाइनच्या एकाच ठिकाणी सुया तुटत असतील तर दोष पंचिंगचा. तेथे टाक्यावर टाका चढून थर कडक झालेला असतो. पंचिंगवाल्याकडून तेवढा भाग विरळ करून घ्यावा. वेग कमी करून फक्त वेळ जातो. एकाच हेडवर तुटत असतील तर हुकचे टायमिंग आणि सुई-हुकमधील अंतर मेकॅनिककडून तपासावे. हे अंतर साधारण ०.१ ते ०.३ मिलिमीटर असते. सुई पूर्ण वर चढवावी. लांब खाच समोर, खळगा मागे हुककडे. रेयॉन धाग्याला ७५/११ नंबर चालतो, जरीला नेढे मोठे हवे, म्हणून ९०/१४ लावावी. फ्रेममध्ये कापड ढिले असल्यास ते सुईबरोबर उचलते व सुई वाकते.

तुटलेले टोक सापडल्याखेरीज मशीन सुरू करू नये. हुकमध्ये राहिले तर ओरखडा पडून धागा तुटत राहील. लहान मुलाच्या कुर्त्यात राहिले तर? गिऱ्हाइकाचे कापड आपल्याकडे अमानत असते. तुकडे कागदावर जुळवावेत. एक जरी कमी पडला तर कापडावरून लोहचुंबक फिरवावे.