पोराला ठाण्यात नेलंय? आधी कागद करा

अल्पवयीन मुलाला बेकायदा डांबून ठेवण्याची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे त्याची अटकच न दाखवणं. ‘चौकशीला आणलंय, बसवून ठेवलंय, सोडतो थोड्या वेळात’, असं ठाणे अंमलदार सांगतो. ठाण्याच्या दैनंदिनीत मात्र त्या मुलाचं नाव नसतं. नोंद नाही म्हणजे मुलाला बाल न्याय मंडळासमोर हजर करायची चोवीस तासांची मुदतही सुरू झाली नाही, असा सगळा हिशेब. दोन दिवसांनी पोरगं सुजलेल्या पायांनी घरी येतं आणि ठाण्यात विचारलं तर उत्तर मिळतं, ‘आमच्याकडे आलाच नव्हता.’ म्हणून पुढे जे सांगितलंय त्या सगळ्याचा रोख एकच आहे: मूल ठाण्यात आहे हे पहिल्या काही तासांत, वेळेसकट, कुठेतरी कागदावर आणायचं.

पोलीस घरी आले तेव्हा तुम्ही हजर असाल तर वाट अडवू नका, पण विचारा. कोणतं ठाणं, साहेबांचं नाव काय, गुन्हा कोणता, आणि मूल आरोपी म्हणून हवंय की साक्षीदार म्हणून. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर १५ वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या मुलीला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही, जबाब राहत्या घरी येऊनच घ्यावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ मध्ये ते आहे, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होतंच. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. आणि ‘बापाला हजर करा, मग पोराला सोडतो’ हा जो प्रकार पारध्यांच्या पालांवर आणि शहरांतल्या झोपडपट्ट्यांत सर्रास चालतो, त्याला कुठल्याही कायद्यात आधार नाही. ते सरळ ओलीस धरणं आहे.

आरोपी म्हणून न्यायचं असेल तर २०१५ चा बाल न्याय अधिनियम लागू होतो. त्याखालच्या नियमांनुसार मुलाशी व्यवहार करणारा पोलीस साध्या वेशात असला पाहिजे, बेडी किंवा दोरी लावता येत नाही, बळजबरी करता येत नाही आणि पालकांना लगेच कळवावं लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, किमान सहायक उपनिरीक्षक दर्जाचा. जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक असतं. मुलाला ताबडतोब यांच्या ताब्यात द्यायचं असतं. तेव्हा ठाण्यात गेल्यावर पहिलं वाक्य ‘माझ्या पोराला सोडा’ हे नसावं. ‘बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, त्यांना भेटायचंय’ हे असावं. त्या एका वाक्याने समोरच्याला कळतं, की या माणसाला काहीतरी माहीत आहे.

एकट्याने जाऊ नका. दोघं जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने वेळा आणि नावं लिहून घ्यायची. छातीवरची नावाची पट्टी वाचता येते, गाडीचा नंबर वाचता येतो. आवाज चढवू नका, टेबलावर हात आपटू नका, कुणाला धक्का लागू देऊ नका. सरकारी कामात अडथळा म्हणून पूर्वी ‘तीनशे त्रेपन्न’ लागायचं. आता भारतीय न्याय संहितेत त्याचा नंबर १३२ झालाय, धाक तोच आहे. पोरगं आत आणि बापही आत, अशी वेळ आणू नका.

मग कागद. वकील मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही, साध्या फुलस्केपवर हाताने लिहिलेला अर्ज चालतो. साधारण असा:

‘प्रति, प्रभारी अधिकारी, ……… पोलीस ठाणे. विषय: माझ्या अल्पवयीन मुलास ठाण्यात आणल्याबाबत. माझा मुलगा ………, जन्मतारीख ………, यास आज दि. ……… रोजी दुपारी २ वाजता ……… येथून दोन पोलीस कर्मचारी गाडी क्र. ……… मधून घेऊन गेले. कारण सांगण्यात आले नाही. मी सायंकाळी ५ वाजता ठाण्यात हजर झालो असून मला त्यास भेटू दिलेले नाही. त्यास कोणत्या नोंदीनुसार आणले आहे व बाल न्याय मंडळासमोर केव्हा हजर करणार, हे लेखी कळवावे. शाळेच्या दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे.’

दोन प्रती करा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख, वेळ अशी पोच घ्या. पोच बहुतेक वेळा नाकारतात. तेव्हा वाद न घालता बाहेर या, अर्जाचा फोटो काढा आणि तो पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाच्या ईमेलवर तिथूनच पाठवा. ११२ वर फोन करून मुलाचं नाव, वय आणि ठाणं सांगा. ११२ वाले तुमचं काम करतीलच असं नाही, पण त्या कॉलची वेळ नोंदली जाते आणि ती ठाण्यातल्या कुणाला सहज पुसता येत नाही. मुलांसाठीच्या १०९८ वरही तोच मजकूर सांगा. दुसऱ्या दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने जाऊ द्या, पावती जपून ठेवा.

इथे एक घोळ नीट समजून घ्यायला हवा. नियमांप्रमाणे मुलांच्या बाबतीत एफआयआर नोंदवायचाच नसतो. अपवाद दोनच: किमान सात वर्षं शिक्षेचा निर्घृण गुन्हा असेल तर, किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला असेल तर. एरवी दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. शिवाय निर्घृण नसलेल्या गुन्ह्यांत मुलाला ताब्यात घेणंही त्याच्या हिताचं असेल तरच करायचं असतं. मुलाच्या नावावर कायमचा डाग लागू नये म्हणून ठेवलेली ही सवलत आहे. प्रत्यक्षात तिचाच फायदा घेतला जातो: एफआयआर नाही, मग नोंदही नाही, मग जाब कुणाला विचारणार? तेव्हा ‘गुन्हा दाखल नाही केला, उपकार माना’ असं कुणी म्हणालं तर दैनंदिनीतला नोंद क्रमांक मागा. मुलगा जितका वेळ आत, तितक्या वेळाची नोंद असायलाच हवी.

वयाचा कागद अर्जाइतकाच तातडीचा. दाढीमिशी फुटलेला सतरा वर्षांचा मुलगा ‘वय १९’ असा लिहिला गेला की बाल न्यायाचं सगळं संरक्षण एका ओळीत संपतं आणि तो थेट प्रौढांच्या कोठडीत जातो. कायद्याचा क्रम स्पष्ट आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, म्हणून तिथपर्यंत जाऊ न देणं बरं. नुसत्या आधार कार्डावर विसंबू नका. ते जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. शाळा सोडल्याचा दाखला हरवला असेल तर मुख्याध्यापकांकडून जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो, सुट्टी असली तरी घरी जाऊन गळ घाला. शाळेचं तोंडच न पाहिलेल्या मुलाच्या बाबतीत अंगणवाडीची नोंद किंवा लसीकरणाचं कार्ड शोधा. कायद्याच्या यादीत ते नाही, पण मंडळापुढे ठेवायला काहीतरी हाती राहतं. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवशीचं. तो मुद्दा राहून गेला तरी खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही, मांडता येतो.

मुलाला भेटू दिलं की हळू आवाजात तीन गोष्टी सांगा: कशावरही सही किंवा अंगठा द्यायचा नाही, मार बसला असेल तर मंडळापुढे मोठ्याने सांगायचं, आणि आम्ही बाहेरच आहोत. मुलाकडून जबाबावर सही घ्यायची नाही, कबुलीसाठी दबाव आणायचा नाही, विचारपूस करताना आईवडील हजर राहू शकतात, हे सगळं नियमांतच लिहिलेलं आहे. फुकट वकील हा मुलाचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं आणि १५१०० या क्रमांकावरून तिथवर पोचता येतं.

चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, मुलाला बाल न्याय मंडळासमोर उभं करावंच लागतं. तोवर ठाण्याची कोठडी नाही, तुरुंग नाही. जामीन दिला नाही तर निरीक्षणगृह किंवा कायद्यातलं ‘सुरक्षित स्थान’. ‘आज रविवार, मंडळ बसत नाही’ ही सबब टिकत नाही, कारण मंडळ बसलेलं नसेल तेव्हा मुलाला एकट्या सदस्यासमोरही हजर करता येतं. सदस्याच्या घरीही. जामिनाच्या बाबतीत मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त मोकळीक आहे: गुन्हा अजामीनपात्र असला तरी सोडणं हा नियम. सुटून तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल, असं वाटलं तरच नाकारता येतो आणि कारण लिहावं लागतं. जामीनदार मिळत नाही म्हणून मूल सात दिवस अडकलं तर अटी बदलण्यासाठी त्याला पुन्हा मंडळासमोर आणावं लागतं.

चोवीस तास उलटले आणि मुलाचा पत्ता नाही, तर ठाण्याच्या दारात बसून राहू नका. मंडळाकडे स्वतः अर्ज करा. पोलीस मूल आणतील तेव्हा बघू, असं मंडळाने म्हणायचं नसतं. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच बजावलं, की मंडळांनी मूक प्रेक्षक राहू नये, मुलाला कोठडीत वा तुरुंगात ठेवल्याचं कळलं तर स्वतःहून पावलं उचलावीत. त्याच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०१९ मध्ये कलम ३७० हटवल्यानंतरच्या काश्मीरमध्ये, उच्च न्यायालयाच्या बाल न्याय समितीपुढे पोलिसांनी दिलेल्या यादीत १४४ मुलं ताब्यात घेतल्याची नोंद होती. पोलिसांचं म्हणणं होतं, की एकही बेकायदा नाही, बहुतेक तर त्याच दिवशी सोडली. खरं-खोटं ताडायला ठाण्यातल्या नोंदींपलीकडे फारसं काही नव्हतं. आपल्याकडे मुलांना तुरुंगाबाहेर काढण्याची लढाई पत्रकार शीला बारसे यांनी ऐंशीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती. १९८६ च्या त्या प्रकरणातही पहिलं काम होतं ते कुठल्या जिल्ह्याच्या तुरुंगात किती मुलं आहेत, हे मोजून घेण्याचं.

मंडळाकडूनही हालचाल नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे डांबून ठेवलेल्याला न्यायालयापुढे हजर करा असा आदेश मागणारा अर्ज. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि २०२५ पासून कोल्हापूर, तुमचा जिल्हा ज्याच्या हद्दीत येतो तिथे. अशा अर्जाला इतर कामांच्या पुढे नंबर लागतो. नुसता अर्ज दाखल होणार असं कळताच हरवलेलं पोरगं रात्रीतून ‘सापडल्याची’ उदाहरणं वकिलांकडे भरपूर आहेत.

मारहाण झाली असेल तर घरी नेऊन हळद लावण्याआधी सिव्हिलला न्या. केसपेपरवर ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस) नोंद हवी, नुसतं ‘अंगदुखी’ नको. डॉक्टरने कारण विचारलं की ‘पोलिसांनी मारलं’ असं मुलानेच सांगावं आणि ते तसंच लिहिलं गेलंय का हे वाचून बघा. तळपायावर पट्टा मारला तर वरून फार दिसत नाही, म्हणून पाय उचलून दाखवा, चालवून दाखवा. वळांचे फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, आणि पुढचे तीन-चार दिवस रोज काढत राहा, कारण वळाचा रंग बदलत जातो आणि त्यावरून मार कधीचा याचा ढोबळ अंदाज येतो. रक्ताचे कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा. मुलाला काय झालं ते एकदाच, एका जवळच्या माणसाने, शांतपणे विचारावं आणि त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्यापुढे वदवून घेतलं की पोर मिटून जातं आणि हकिगतही बदलत जाते.

सीसीटीव्हीसाठी घाई करा. प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून फाटकापर्यंत कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने जपायला हवं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. ठाण्यात मात्र कॅमेरे नेमके त्याच दिवशी बंद असतात. तरीही तारीख आणि वेळ देऊन ‘हे चित्रण जतन करा’ असा अर्ज अधीक्षकांना ताबडतोब द्या. नंतर ते नाही मिळालं, तर का नाही हे सांगण्याची जबाबदारी त्यांच्यावर येते.

मग तक्रार. ठाण्यात घेत नसतील तर अधीक्षकांकडे लेखी, तिथे दाद नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कबुलीसाठी मारहाण आणि बेकायदा डांबणं हे दोन्ही फौजदारी गुन्हे आहेत, वर्दी असो वा नसो. राज्य बालहक्क संरक्षण आयोग, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि मानवी हक्क आयोग हे मार्गही आहेत. मानवी हक्क आयोग वर्षापेक्षा जुनी घटना घेत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. सगळीकडे एकाच दिवशी सारखे अर्ज टाकण्यापेक्षा आधी मंडळ आणि न्यायदंडाधिकारी, नंतर बाकीचे, हा क्रम मला योग्य वाटतो. आयोगांची पत्रं फिरायला महिने लागतात.

‘मिटवून टाकू’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. दिले तर पुढच्या खेपेला हेच घर सोपं म्हणून लक्षात राहतं. लाच मागितल्याची तक्रार अँटी करप्शनकडे १०६४ वर होते. आणि कितीही संताप आला तरी मुलाचं नाव, फोटो, शाळा व्हॉट्सॲपवर किंवा वार्ताहराला देऊ नका. मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्यात गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, आणि तो पालकांनाही लागू शकतो. बातमी नावाशिवायही होते.

प्रकरण मंडळासमोर निकाली निघालं, की अपिलाची मुदत संपल्यावर मुलाचं रेकॉर्ड नष्ट करायचं असतं, आणि त्या प्रकरणामुळे नोकरीत अपात्रताही येत नाही. निर्घृण गुन्ह्यात सोळा वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालला असेल तर मात्र ही सवलत नाही. नष्ट केल्याचं लेखी मागून घ्या. पुढे पासपोर्टसाठी किंवा भरतीसाठी चारित्र्य पडताळणी त्याच ठाण्यातून होणार असते.