रस्ता वाचावयास शिकविणे
(भोर–महाड मार्गावरील एका कौटुंबिक प्रवासावरून परिसर-अभ्यासाचा पाठ)



आपल्या शाळांतील मुले रोज ज्या रस्त्याने येतात, त्या रस्त्याकडे ती पाहतात काय? आणि आपण तरी पाहतो काय? भोर व वेल्हे (आता राजगड) या दोन तालुक्यांत इतिहास पायवाटेवर पडलेला आहे असे आपण भाषणात नेहमी म्हणतो. परंतु वर्गात मात्र तोच इतिहास आपण पाठ्यपुस्तकातील प्रश्नोत्तरांपुरता उरवितो. हा दोष प्रथम माझा स्वतःचा आहे. तो मला एका प्रवासात कसा उमगला आणि त्यातून पाठाची कोणती पद्धत हाती आली, ते या लेखात सांगावयाचे आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही कुटुंबासह नसरापूरहून भोरमार्गे वरंधा घाटाने महाडपर्यंत जाऊन आलो. बरोबर वृद्ध आई, पत्नी, नववीतला मुलगा आणि सहावीतली मुलगी. घाट पावसाळ्यात धोक्याचा असतो. अलीकडच्या वर्षांत तो पावसाळ्यात वाहतुकीस बंद ठेवण्याचे आदेशही निघतात. म्हणून मुद्दाम पाऊस सरल्यावरचा दिवस निवडला.

पूर्वतयारी आणि पहिली चूक

शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मी आदल्या रात्री टिपण काढले. सनावळी, अंतरे, धरणांचे दरवाजे, राजघराण्यांची नावे यांनी चार पाने भरली. गाडी सुरू होताच मी ते वाचू लागलो.

प्रारंभ बनेश्वरापासून केला. नानासाहेब पेशव्यांच्या काळातील हे मंदिर. तेथील घंटेवर क्रूस व १६८३ हा आकडा कोरलेला आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, त्या विजयाची ही खूण मानली जाते. पुढे कापूरहोळला पुणे–बेंगळुरू महामार्ग सोडला. येथे मी मुलांना कात्रजच्या घाटाची गोष्ट सांगितली. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी लाल महालात शायिस्तेखानावर छापा घातला. त्या वेळी बैलांच्या शिंगांना पलिते बांधून शत्रूस कात्रजच्या दिशेला धाडले, अशी परंपरा आहे. ‘कात्रजचा घाट दाखविणे’ हा वाक्प्रचार तिच्याशीच जोडला जातो. भोरला पंतसचिवांचा १८६९ मधील राजवाडा पाहिला आणि भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाल्याचे सांगितले.

माझ्या माहितीत काही चूक नव्हती. तरीही भाटघरपाशी येईपर्यंत मुलगी झोपी गेली होती आणि मुलगा खिडकीबाहेर पाहत होता. भाटघरचे धरण १९२८ च्या सुमारास पूर्ण झाले, त्याच्या जलाशयास आता येसाजी कंकांचे नाव आहे, येथील पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जाते, हे सारे मी सांगितले. कोणी काही विचारले नाही. ज्या पाठात एकही मूल प्रश्न विचारीत नाही, तो पाठ झालाच नाही असे समजावे, हे प्रशिक्षण वर्गात मी किती शिक्षकांना ऐकविले असेल!

आईचे दोन वाक्यांचे व्याख्यान

भोर सोडून आम्ही हिरडस मावळात शिरलो. डाव्या-उजव्या अंगाला डोंगर जवळ येऊ लागले, भाताची खाचरे कापून रिकामी झालेली दिसू लागली. नीरा-देवघर धरणाचा जलाशय दिसताच आईने गाडी थांबवावयास सांगितले. ती खाली उतरली, पदर सावरला आणि पाण्याकडे बोट करून नातीला म्हणाली, “त्या कडंच्या झाडाच्या खाली आमचं घर होतं बघ. माझं माहेर पाण्यात हाय.”

मुलगी खडबडून जागी झाली. तिने एकामागून एक प्रश्न विचारले. “आजी, मग तुम्ही सगळे कुठे गेलात? घरातले सामान? गोठा? देव?” मुलगाही जवळ आला. आईने सांगितले ते असे : तिचे वडील सुगी झाल्यावर बैलांवर तांदूळ लादून वाघजाईच्या घाटाने बिरवाडी-महाडकडे उतरत आणि येताना मीठ, सुकी मासळी व नारळ आणीत. दोन मुक्काम लागत. घाटमाथ्यावर वाघजाईला नारळ फोडल्याशिवाय पुढे पाऊल टाकीत नसत. पुढे धरण झाले. गाव उठले. काही घरे वरच्या अंगाला सरकली, काही दूर तालुक्यात वसविली गेली. “उन्हाळ्यात पाणी हटलं की जोती उघडी पडतात. एकदा जाऊन बसले व्हते मी आमच्या जोत्यावर,” एवढे म्हणून ती गप्प झाली.

माझ्या टिपणात या धरणाचा साठा किती, ते होते. माझ्या आईचे माहेर त्यात नव्हते. ती गोष्ट मला ठाऊक नव्हती असे नाही. ती शिकविण्याजोगी आहे, हे मात्र कधी सुचले नव्हते. मी टिपण घडी करून खिशात ठेवले. पुढचा सारा प्रवास मुलांच्या प्रश्नांवर झाला.

रस्ता काय सांगतो?

मुलाचा पहिला प्रश्न होता : “आजीचे वडील याच घाटाने का जात? दुसरीकडून का नाही?” हा प्रश्न साधा दिसतो, पण परिसर-अभ्यासाचा पाया तोच आहे. सह्याद्रीची भिंत सलग आहे. जेथे तिला खिंड पडली, तेथून माणूस उतरला. महाडजवळ गांधारपाल्याची आणि घाटावर शिरवळची बौद्ध लेणी आहेत. ती सुमारे अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीची. व्यापारी वाटांच्या आसपास भिक्षूंचे विहार उभे राहत, कारण तांड्यांना मुक्काम हवा आणि विहारांना दान हवे. म्हणजे सावित्रीकाठचे महाड बंदर व घाटमाथा यांमधील ये-जा तेव्हापासूनची आहे. वाटेवर पहारा हवा, म्हणून वरंध्याच्या खिंडीवर कावळ्या किल्ला. पुढे याच मुलखाच्या एका टोकाला राजगड व दुसऱ्या टोकाला रायगड, अशा स्वराज्याच्या दोन राजधान्या झाल्या. राजगडावरून सुमारे पाव शतक कारभार चालला आणि ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. याच हिरडस मावळातील बांदलांचे मावळे व बाजीप्रभू देशपांडे १३ जुलै १६६० रोजी घोडखिंडीत लढले.

मुलीचा प्रश्न पाण्याचा होता. नीरा शिरगावला उगम पावते, हे कळल्यावर तिने विचारले, “मग डोंगराच्या पलीकडे पडलेला पाऊस कुठे जातो?” शिरगावचे पाणी नीरेतून नीरा-नरसिंगपूरला भीमेस मिळते, भीमा कृष्णेस आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास. काही अंतरावर, घाटाच्या पश्चिमेस पडलेला थेंब सावित्रीच्या वाटेने अरबी समुद्रास जातो. दोन थेंब एकाच ढगातून पडावेत आणि देशाच्या दोन कडांना जावेत, हे ऐकून तिने डोळे विस्फारले. जलविभाजक हा शब्द मी त्यानंतर सांगितला. अनुभव आधी, संज्ञा मागून, हा क्रम शिक्षकाने विसरू नये.

वाघजाईपाशी चहा-भजी घेतली, आईने नारळ फोडला आणि आम्ही वळणे उतरू लागलो. वळणे इतकी कशासाठी? येथे गणिताचा पाठ आपोआप झाला. समजा, ६०० मीटर उतरावयाचे आहे. सरळ वाट ३ किलोमीटरांची असेल, तर दर ५ मीटरांस १ मीटर उतार पडतो. तो भरल्या गाडीस झेपणार नाही. तीच वाट वळणे देऊन १२ किलोमीटर केली, तर दर २० मीटरांस १ मीटर उतार पडतो. वळण म्हणजे चढ सुसह्य करण्यासाठी दिलेली किंमत, हे मुलाने स्वतःच म्हटले.

रस्त्याचे दुःख

रस्ता केवळ पराक्रम सांगत नाही. घाटात ठिकठिकाणी दरडींच्या ताज्या खुणा होत्या. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह गेल्या. ही हकीकत मुलांपासून लपवू नये, पण भीती घालण्यासाठीही सांगू नये. डोंगराची माती पाणी पिऊन जड झाली की काय होते, तडा दिसला, झरा गढूळ झाला, झाड कलले तर कोणास कळवावे, हे डोंगरकुशीतील प्रत्येक शाळेत शिकविले गेले पाहिजे. असा पाठ चुकला तर त्याची भरपाई वार्षिक परीक्षेत होत नाही.

महाडला चवदार तळ्यापाशी आम्ही थांबलो. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता आणि महाड नगरपालिकेनेही त्यास अनुसरून ठराव केला होता. तरीही पाणी मिळत नव्हते. म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सहस्रावधी लोकांसह येथे येऊन पाणी प्राशन केले. मुलगा म्हणाला, “ठराव झाला होता, तर मग यावे का लागले?” मी उत्तर दिले नाही. तो प्रश्न त्याने बरोबर घेऊन जावा असे मला वाटले. आई तेवढे म्हणाली, “कागुद झाला म्हंजी वाट झाली असं नसतं बाळा.” ज्या बाईचे गाव कागदावर दुसरीकडे वसले, तिचे हे वाक्य आहे.

वर्गात काय करावे?

आपल्या शाळा लहान आहेत. कित्येक ठिकाणी दोनच शिक्षक व हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुले. सहलीस गाडी मिळेलच असे नाही. ती नसली तरी अडत नाही. शाळेसमोरचा रस्ता पुरे आहे. पुढील क्रमाने पाठ घ्यावा.

१. मुलांसह शाळेपासून एक किलोमीटर चालावे. दर शंभर पावलांवर थांबून जे दिसते त्याची नोंद व साधा नकाशा करून घ्यावा : ओढा, पूल, देऊळ, वीरगळ, विहीर, पडकी भिंत.

२. प्रत्येक मुलाने घरातील सर्वांत वृद्ध माणसास तीन प्रश्न विचारावेत : पूर्वी ही वाट कोठे जात असे? त्या वाटेने काय नेत आणि काय आणीत? ती बदलली असल्यास का बदलली? उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावीत. बोली सुधारू नये.

३. नोंदींची तुलना फळ्यावर करावी. घरांची छपरे, पिके, पाऊस यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे काय फरक पडतो, हे मुलांनीच सांगावे. शिरवळच्या बाजूला धाब्याची घरे व ज्वारी, तर घाटाकडे उतरती कौले व भात, हे का?

४. शिक्षकाने सन व नावे शेवटी द्यावीत आणि खात्री असेल तेवढीच द्यावीत. परंपरा असेल तेथे परंपरा म्हणावे.

वेल्हे भागातील शिक्षकांसाठी एक विशेष स्वाध्याय सुचवितो. केळदजवळील मढे घाटाने तानाजी मालुसरे यांचा देह फेब्रुवारी १६७० मध्ये कोकणात उमरठ्याकडे नेला, अशी परंपरा आहे. तीही पुरातन वाट. मग वरंध्याला मोटार जाते आणि मढे घाटात अजून पायवाटच का राहिली? उतार, वस्ती, बाजारपेठ, सत्ता यांपैकी कोणती कारणे मुले शोधतात ते पाहावे. या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, म्हणूनच तो चांगला आहे.

समारोप

या खोऱ्यांतील आपली पुष्कळ मुले मोठी होऊन याच रस्त्याने पुण्या-मुंबईस जाणार आहेत. त्यांस अडविणे आपले काम नव्हे. परंतु जाताना आपण कोणत्या वाटेने जात आहोत, ती कोणी पाडली, तिच्यापायी कोणाचे घर पाण्याखाली गेले आणि कोणास त्या वाटेवरचे पाणीही नाकारले गेले, हे त्यांस ठाऊक असावे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.

परतताना जलाशयापाशी अंधार पडला होता. मुलीने वहीत दिवसभराची नोंद केली होती. शेवटच्या ओळीत तिने लिहिले होते : “येथे आजीचे घर आहे.” मी ‘आहे’ चे ‘होते’ करण्यासाठी पेन्सिल हाती घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. शिक्षकाने कोणती चूक सुधारू नये, हेही त्या दिवशी कळले.