जॅकेटातली प्लेट

अपशिंगे (मिलिटरी), जि. सातारा

चि. सागर यास,


सुट्टीवर आलेला तुझा दोस्त पारावर सांगत होता, की गस्तीला निघताना तू बुलेटप्रूफ जॅकेटातली प्लेट काढून ठेवतोस. ओझं होतं म्हणे, आणि गळ्यात काळूबाईचा ताईत आहेच! खरं आहे का हे? आजीला अजून कळलेलं नाही. कळलं तर तुझ्याआधी ती देवीशी भांडायला मांढरदेव चढेल.

तू तनोटमातेचा दाखला देशील. १९६५ला पडलेले, न फुटलेले गोळे तिथल्या देवळात ठेवलेत. मीही तिथं डोकं टेकवलंय. पण देवी आहे म्हणून चौकीवरच्यांनी बंदुका खाली नव्हत्या ठेवल्या. आणि आपले महाराज? पाठीशी साक्षात भवानी, तरी १० नोव्हेंबर १६५९ला खानापुढं गेले ते अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्याला जिरेटोप घालून. तू कोण लागून गेलास रे प्लेट काढणारा?

पहिल्या महायुद्धात आपल्या गावची ४६ माणसं गेली. त्यांचा स्तंभ बघतच तू मोठा झालास. त्यांतला कोण देवीला नारळ न फोडता निघाला असेल?

एक गोष्ट तुझ्या बापालाही सांगितली नाही. १९७१च्या लढाईनंतर जमालपूरहून परतलो तेव्हा मस्ती होती अंगात. सोबतचा एक जण तिथंच राहिला होता. त्याच्या घरी भेटायला गेलो आणि त्याच्या आईसमोर बोलून बसलो, 'मला ताईतानं तारलं.' म्हातारी रागावली नाही. एवढंच म्हणाली, 'त्याच्या गळ्यात मीच बांधला होता रे.' पुढं त्या घराची पायरी चढायचं धाडस झालं नाही. चढायला हवी होती.

ताईत काढ म्हणत नाही. माझाही अजून गळ्यात आहे. भीती सगळ्यांनाच वाटते, पोरा. रात्री हात तिथंच जातो. जाऊ दे. पण प्लेट घाल. खांदे सोलले तरी घाल. मी जरा कडक लिहिलं, मनावर घेऊ नकोस. तू गेल्यापासून माझीही झोप उडालीय.

आजीनं डिंकाचे लाडू आणि अंगाऱ्याची पुडी दिलीय. पुडी जॅकेटाच्या खिशात ठेव, म्हणजे जॅकेट घालावंच लागेल. लाडू सेक्शनला वाट. रविवारी फोन आजीला कर. माझ्याशी बोलताना तू नुसतं 'जी, जी' करतोस.

तुझा,
आबा