ब्रेक नसलेल्या सायकलीबद्दल

चि. ओंकार,


काल चाकाचा आउट काढायला गेले, तर दुकानात कळलं की तू ट्रॅकची सायकल घेऊन कात्रजच्या जुन्या घाटातून उतरलास. खरं आहे? वहिनीला अजून बोलले नाही. दादाच्या कोपरातला रॉड तू रोज बघतोस ना रे?

त्या सायकलीला ब्रेक नसतात ते ऐट मारायला नव्हे. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने, चाकाला चाक लावून पळतात. पुढच्याने ब्रेक मारला तर मागचा त्याच्यावर चढेल. शिवाय मागचं चाक फिक्स, ते फिरतंय तोवर पेडल फिरणारच. उतारावर पाय थांबवायला गेलास तर पेडल तुला सीटवरून उचलून फेकेल. आणि वळणावर समोरून एसटी आली असती तर?

वेगाची एवढी खाज असेल तर ट्रॅकच्या कललेल्या वळणांवर, बँकिंगवर जा. दिल्लीच्या २५० मीटरच्या लाकडी ट्रॅकचं वळण चाळीस अंशांच्या वर कललेलं आहे. तिथे घाबरून हळू झालास की चाक घसरतं. वेग ठेवलास तर ट्रॅक तुला धरून ठेवतो. स्प्रिंटमध्ये पुढे राहायची घाई नको. मागून, वरच्या अंगाने चाल. पुढच्याच्या आडोशाने वारा चुकव आणि तो उतार वापरून खाली झेप घे. वेळ मोजतात ती शेवटच्या २०० मीटरचीच. ट्रॅकवरच्या लाल रेघेच्या आत पुढे राहून झेप सुरू केलीस की बाहेर डुलायचं नाही. दुसरा तिथे असेल तर आतून घुसायचं नाही. पाय न टेकता सायकल जागच्या जागी उभी ठेवणं पार्किंगमध्येही शिकता येतं. नियमाने ३० सेकंदच मिळतात, पण तेवढ्यात समोरच्याचा धीर सुटतो.

आम्ही बालेवाडीच्या सिमेंटवर शिकलो. पडलं की सालपटं निघायची. दिल्लीचा ट्रॅक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी झाला, तोवर माझी शर्यत केव्हाच सुटली होती; लग्न, बँक, सासूबाईंचं आजारपण. त्या लाकडावर एक राऊंड मारायची इच्छा अजून जात नाही. हसू नकोस.

म्हणून म्हणते, घाट नको. तो नुसत्या पायांनी आवरत उतरलास म्हणजे पाय भक्कम आहेत, हेही मनात आलंच. हे वाक्य वहिनीला दाखवू नकोस.

रस्त्यावरच्या सरावाला माझी जुनी सायकल ने. दोन्ही ब्रेकचे रबर आज बदलून घेतले. सीट मात्र चांगली वीतभर वर घ्यावी लागेल. केवढा उंच झालास रे!

तुझी,
आत्या