रक्तात शिरलेली बुरशी

कॅन्डिडा ही बुरशी निरोगी माणसाच्या आतड्यात आयुष्यभर निमूट नांदते. परंतु ती रक्तप्रवाहात उतरली की त्या अवस्थेस कॅन्डिडिमिया म्हणतात, आणि हा आजार नायट्यासारखा वरवरचा नसून जिवावर बेतणारा असतो. भारतातील 27 अतिदक्षता विभागांत एप्रिल 2011 ते सप्टेंबर 2012 या काळात झालेल्या पाहणीत असे 1,400 रुग्ण आढळले, म्हणजे दर हजार भरतींमागे सुमारे साडेसहा. त्यांपैकी जवळपास 45 टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले, अर्थात प्रत्येक मृत्यूचे कारण केवळ बुरशी नव्हते. या रुग्णांत ट्रॉपिकॅलिस ही जात सर्वाधिक होती आणि सुमारे पाच टक्के रुग्णांत ऑरिस सापडली, जिच्यावर फ्लुकोनॅझोल हे नेहमीचे बुरशीविरोधी औषध बहुधा चालत नाही.

चेन्नई बंदरातून, म्हणजे जॉर्ज टाउन वस्तीच्या अंगणातूनच, ज्या अंदमानला जहाजे सुटतात, तेथील वाळूत आणि खाजणात ऑरिस आढळल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तरीही किनाऱ्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, कारण रक्तापर्यंत पोहोचण्यास बुरशीला वाट लागते आणि ती वाट बहुतेक वेळा उपचारांतूनच तयार होते. प्रबळ प्रतिजैविकांनी आतड्यातील जिवाणू मेले की कॅन्डिडाला रान मोकळे मिळते, पोटाच्या शस्त्रक्रियेत आतड्याची भिंत उघडते, आणि मानेतील मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवर, म्हणजे सेंट्रल लाइनवर, बुरशीचा चिकट थर जमतो.

म्हणून जॉर्ज टाउनमधील ज्या कुटुंबाचा माणूस अतिदक्षता विभागात असेल, त्याने ही नळी आजही आवश्यक आहे का, असे डॉक्टरांना रोज विचारावे. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. नळीभोवतीची पारदर्शक पट्टी सुटलेली, ओली वा खालची त्वचा लालसर दिसल्यास परिचारिकेस तत्काळ दाखवावे, आणि रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करावेत. घरी सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर प्रतिजैविके आणण्याची सवय तर मोडलीच पाहिजे.

प्रतिजैविके चालू असूनही ताप हटत नसेल, तर रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, केली का हे विचारावे. मात्र सुमारे निम्म्या खोल संसर्गांत ही तपासणी बुरशी दाखवत नाही, त्यामुळे अहवाल निरंक आला तरी डॉक्टर बुरशीचे औषध सुरू ठेवू शकतात. गुंतागुंत नसल्यास उपचाराचे चौदा दिवस ताप उतरल्यापासून नव्हे, तर रक्त बुरशीमुक्त असल्याचे दाखवणारा पहिला नमुना घेतल्यापासून मोजतात, आणि बुरशी डोळ्याच्या पडद्यावरही बसू शकत असल्याने त्या काळात नेत्रतपासणी करून घ्यावी लागते.